कॉट शोधत आलेल्या पोरांना दार लावू नका: नवी मुंबईतल्या सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य,
ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी: सिडको, एमआयडीसी, नवी मुंबई महानगरपालिका

विषय: अविवाहित नोकरदारांना घर भाड्याने न देण्याचे ठराव

स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव मंजूर झाला. यापुढे इमारतीतला कोणताही फ्लॅट अविवाहित मुलांना किंवा मुलींना भाड्याने द्यायचा नाही, आणि जे आधीच राहतात त्यांचा करार संपला की पुन्हा करायचा नाही. हात वर झाले, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली गेली आणि सभा पुढच्या विषयाकडे, टाकीच्या गळतीकडे वळली. मी विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावला. पण तेवढ्यावर मला थांबता येत नाही, कारण हा एका इमारतीचा प्रश्न नाही. वाशी, सानपाडा, नेरुळ, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, कुठेही चौकशी करा, असाच ठराव झालेला असतो. कुठे ठरावसुद्धा नसतो, वॉचमनच्या केबिनवर नुसता कागद चिकटवलेला असतो: ‘बॅचलर्सना परवानगी नाही’. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मला हे एवढं का लागलं, ते आधी सांगतो.

मी फिटर. आयटीआय करून १९८१ साली सातारा जिल्ह्यातून आलो आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत अॅप्रेंटिस म्हणून लागलो. तेव्हा या पट्ट्यात नोसिल, पीआयएल, हर्डिलिया, स्टँडर्ड अल्कली अशी नावं होती, कळव्याच्या बाजूला मुकुंद, सीमेन्स, भारत बिजली. इकडे रेल्वे नव्हती. वाशीला लोकल आली १९९२ मध्ये आणि ठाण्याहून वाशीला थेट गाडी सुरू झाली ती २००४ मध्ये. गावाकडून आलेल्या पोराचं ना इथे कुणी ओळखीचं, ना खिशात पागडीचे पैसे. तरी पहिल्या रात्री मी कुठे झोपणार हा प्रश्न मला पडला नाही. टाइम ऑफिसातल्या क्लार्कने एका चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहून दिला आणि मी पत्र्याची पेटी घेऊन सिंगल क्वार्टर्सचा, म्हणजे अविवाहित कामगारांसाठी कंपनीने बांधलेल्या इमारतीचा, जिना चढलो.

तीन मजली इमारत, प्रत्येक खोलीत चार लोखंडी खाटा, चार कपाटं, एक पंखा. मजल्याच्या टोकाला कॉमन बाथरूम, खाली मेस आणि एक हॉल. माझ्या खोलीत एक गुहागरकडचा, एक जळगावचा, एक धारवाडचा आणि मी. चौघांच्या चार जाती. गावी आमच्यापैकी दोघांच्या घरांत एकमेकांच्या हातचं पाणी चाललं नसतं. इथे कोपऱ्यात एकच माठ होता आणि त्यावर एकच तांब्या. यावर कुणी भाषण दिलं नाही. नाईट करून आलं की तहान लागलेली असायची आणि माठ जो आधी उठेल त्याने भरलेला असायचा. वर्षभरात आम्ही एकमेकांच्या घरची पत्रं वाचून दाखवत होतो. माणसाला माणूस कसा कळतो हे मी कुठे शिकलो असं कुणी विचारलं, तर मी त्या खोलीचंच नाव सांगेन.

आजच्या चर्चेत पोरं म्हटली की गोंधळ, रात्रीचं येणं-जाणं, मोठ्याने गाणी असंच समोर आणलं जातं. म्हणून आमच्याकडची एक पद्धत सांगतो. तीन पाळ्या चालायच्या, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच. नाईट करून आलेला माणूस दाराच्या कडीला टॉवेल बांधून झोपायचा. टॉवेल दिसला की त्या पॅसेजमध्ये कुणी बादली आपटायचं नाही, रेडिओचा आवाज खाली यायचा, नवीन आलेला पोरगा मोठ्याने बोलला तर जुना ऑपरेटर नुसता दाराकडे बोट करायचा. डबल, म्हणजे सलग दोन पाळ्या, मारून आलेल्यासाठी मेसमध्ये ताट झाकून ठेवलेलं असायचं. हे नियम कंपनीने छापलेले नव्हते. विशीतल्या पोरांनी आपापसात पाळलेले होते, कारण उद्याची नाईट आपली आहे हे प्रत्येकाला माहीत होतं.

मेसची व्यवस्था तर मी अजून विसरलेलो नाही. दर महिन्याला आमच्यातलाच एक जण मेस सेक्रेटरी. रविवारी सकाळी ठाण्याला जाऊन जांभळी नाक्यावरून महिन्याचं सामान आणायचं, आचाऱ्याशी तांदळावरून वाद घालायचा, महिनाअखेरीला हिशेब नोटीस बोर्डावर लावायचा. घरी आईने कधी डाळ मोजायला दिली नव्हती, अशा पोरांनी शंभरएक माणसांचं जेवण महिनाभर चालवलं. हिशेबात चूक निघाली की जाहीर बोलणी बसायची. पुढे आमच्यातले किती तरी जण पतपेढीत, युनियनमध्ये आणि आता तुमच्या सोसायट्यांमध्ये खजिनदार झाले. तो हिशेब कुठे शिकले ते त्यांनी आठवावं.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. ढेकूण होते, रविवारी गाद्या गच्चीवर तापत टाकाव्या लागत. दोघांचं भांडण होऊन सहा-सहा महिने अबोला चालायचा. एक-दोन पोरं दारूला लागली आणि त्यांना परत आणता आलं नाही, त्याचं दुःख आजही आहे. पण माणूस एकटा पडत नव्हता. १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला. गुहागरकडच्या मित्राचे वडील परळच्या गिरणीत होते. घरचा पगार थांबला, हा एकटा कमावता राहिला, तोही ट्रेनीच्या पगारावर. आम्ही तिघांनी त्याचं मेसचं बिल आपसांत वाटून घेतलं, बराच काळ. त्याने कधी तोंडाने मागितलं नाही, आम्ही कधी तोंडाने सांगितलं नाही. सेक्रेटरीच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘जमा’ लिहिलेलं असायचं. १९८४च्या डिसेंबरात भोपाळची बातमी आली तेव्हा प्रत्येकाच्या घरून एकच मजकूर आला: नोकरी सोड आणि परत ये. आम्ही रात्रभर हॉलमध्ये बसून होतो. आपल्या प्लँटमध्ये काय काय साठवलेलं आहे, वारा कुठल्या बाजूला असतो, सायरन झाला तर कुणी कुणाला उठवायचं, हे त्या रात्री आम्ही ठरवलं. पुढच्या आठवड्यात तेच मुद्दे घेऊन सेफ्टी ऑफिसरकडे गेलो. भाड्याच्या खोलीत एकेकटे विखुरलेलो असतो, तर घाबरून गावाला निघून गेलो असतो.

जळगावचा मित्र बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसला तेव्हा परीक्षेपर्यंत खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असायचा आणि आम्ही तिघे डोळ्यांवर पंचा टाकून झोपायचो. तो पास झाला, त्याचा पगार वाढला, त्या पगारावर त्याने बहिणीचं लग्न केलं. लग्न ठरलं की खोली सोडायची असा नियम होता. एकेक करून आम्ही बाहेर पडलो, कुणी सिडकोच्या सोडतीत घर घेतलं, कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीला. मी कोपरखैरण्याला आलो आणि इथलाच झालो. कंपनी पुढे बंद पडली. सिंगल क्वार्टर्सची इमारतही राहिली नाही.

आता वर्तमानात येतो. त्याच जळगावच्या मित्राचा यंदा फोन आला. त्याचा मुलगा महापे इथल्या एका कंपनीत लागला आहे, शिफ्टची नोकरी, वय तेवीस. ‘तुझ्याकडे कुठे खोली बघ,’ एवढंच तो म्हणाला. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. मालक द्यायला तयार होते. पोरगा आणि त्याचे दोन सहकारी मिळून भाडं देणार होते, ऑफर लेटर होतं, पोलीस पडताळणीचा अर्ज भरून तयार होता. वर सांगितलेला ठराव झाला आणि ते सगळं तिथेच थांबलं. आज तो पोरगा एका गावठाणातल्या इमारतीत कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत सात-आठ जण. एक पाळीला गेला की दुसरा त्याच गादीवर झोपतो. ज्या शहराने त्याच्या वडिलांना पहिल्याच दिवशी खाट दिली, त्याच शहरात मुलाला अर्धी खाट मिळते. हे मला मान्य नाही.

तुमच्याविरुद्ध माझ्या तक्रारी आहेत त्या आता मुद्द्याने मांडतो.

पहिली. तुम्ही माणसाला त्याच्या वागण्यावरून नव्हे, तो लग्न झालेला आहे की नाही यावरून जोखता. आमच्या इमारतीत रात्री दोनपर्यंत लग्नाचं संगीत वाजवणारं कुटुंब होतं, पार्किंगवरून हाणामारीपर्यंत गेलेले दोन कुटुंबप्रमुख होते. त्यांच्यामुळे ‘कुटुंबांना घर देऊ नये’ असा ठराव कुणी आणला नाही. त्या-त्या माणसाला नोटीस दिली, दंड केला. हाच न्याय पोरांना लावायला काय हरकत आहे?

दुसरी. सभासदाच्या हक्कात तुम्ही ढवळाढवळ करता. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाने सोसायटीला कळवायचं, नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची, पोलिसांना कळवल्याची पोच द्यायची. भाडेकरू कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार कार्यकारिणीला कुठून आला? आमच्याच इमारतीत एक विधवा सभासद आहेत, मुलगा परदेशात, फ्लॅटच्या भाड्यावर त्यांचं औषधपाणी चालतं. बॅचलर्सना बंदी म्हणजे त्यांच्या उत्पन्नावर बंदी. ठरावाच्या वेळी त्यांनी हात वर केला नाही. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

तिसरी पैशांची. अनेक ठिकाणी ‘बॅचलर चार्ज’, ‘मूव्ह-इन’, ‘लिफ्ट वापर’ अशा नावांनी रकमा उकळल्या जातात. सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य शासनाचा २००१ सालचा आदेश आहे. तो प्रत्येक सचिवाच्या फाइलमध्ये असायला हवा.

चौथी तक्रार मुलींच्या बाबतीतली आहे आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्या काळात सिंगल क्वार्टर्स होती ती पुरुषांची. कंपनीत लागलेल्या मुलीसाठी काहीच सोय नव्हती, आणि तिच्यासाठीही असावी असं तेव्हा आमच्यापैकी कुणी बोललं नाही. आज या शहरातल्या रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या नर्स आहेत, ऐरोली-रबाळेच्या आयटी पार्कमध्ये पहाटे घरी परतणाऱ्या मुली आहेत. त्यांच्याकडून तुम्ही आईवडिलांचं संमतीपत्र मागता. पंचवीस वर्षांची कमावती, मतदान करणारी बाई, आणि तिच्या राहण्याला वडिलांची सही! रात्री दहानंतर गेट बंद म्हणता. मग ड्यूटी रात्री अकराला सुटली तर तिने गेटबाहेर उभं राहायचं का? कोण आलं, कोण गेलं याची वेगळी वही ठेवता, आणि ती वही फक्त तिच्याच पाहुण्यांसाठी असते. वर आडनाव विचारता, धर्म विचारता, मांसमच्छी खाता का विचारता. ज्या माठाची गोष्ट मी वर सांगितली, त्यापासून चाळीस वर्षांनी आपण असे मागे आलो आहोत.

पाचवी. ही नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे ती ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांची. त्या जमिनीसाठी १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले. आज बाहेरून आलेल्या या पोरांना आसरा कोण देतंय, ते बघा. घणसोली, तळवली, गोठिवली, रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे इथल्या गावठाणांत आगरी-कोळी घरमालकांनी आपल्या इमारतींत खोल्या दिल्या आहेत. भाडं घेतात, पण दारही उघडतात. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद आहेत, आगीचा बंब आत वळणार नाही अशी परिस्थिती आहे, पाण्याचा दाब कमी आहे, आणि सगळा भार तिथेच पडतो आहे. जमीन देणाऱ्यांनी जागा द्यायची आणि त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांनी ‘परवानगी नाही’ची पाटी लावायची, हे न्यायाचं नाही.

तुमच्या मनातली भीती मला ठाऊक आहे, मी तुमच्यातच राहतो. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, कधी वर्तमानपत्रात एखादी वाईट बातमी. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत आणि ते आपल्या हातात आहेत. नोंदणीकृत करार, पोलीस पडताळणी, कंपनीचं ओळखपत्र, एका फ्लॅटमध्ये किती जण राहतील याची क्षेत्रफळाप्रमाणे मर्यादा, त्रास झाला तर लेखी समज आणि नंतर करार रद्द. हे सगळं करा, मी स्वतः त्या समितीत काम करीन. सरसकट बंदीने मात्र सुरक्षा वाढत नाही. पोरं शहरातून जात नाहीत. ती जास्त दाटीच्या, जास्त धोकादायक खोल्यांमध्ये ढकलली जातात, इतकंच.

आणि एक विनंती आठवणीच्या आधाराने करतो. तुमच्यापैकी अनेकांना मी चेहऱ्याने ओळखतो. कुणी माझ्यासारखेच ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत होते, कुणी वागळे इस्टेटमध्ये लागले, कुणी बँकेत, कुणी मंत्रालयात. सांगली, कोल्हापूर, नगर, रत्नागिरी, खानदेश इथून एकेकटे आलो आपण. कुणाला कंपनीने खाट दिली, कुणी लालबागच्या गाळ्यात मामाकडे दहा माणसांत पथारी टाकली, कुणी ठाण्याच्या खानावळीत डबा लावून कळव्याच्या चाळीत राहिलो. तेव्हा आपलंही लग्न झालेलं नव्हतं. तेव्हा कुणी आपल्याला संशयित म्हणून दारातून परत पाठवलं असतं, तर आज आपण ज्या घरांत बसून ठराव करतो ती घरं झालीच नसती.

पण सगळा दोष सोसायट्यांवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही, म्हणून सिडको, एमआयडीसी आणि महापालिका यांनाही हे पत्र लिहितो आहे. हा पट्टा कामगारांनी उभा केला. एमआयडीसीची स्थापना १९६२ सालची, सिडकोची १९७०ची. त्या काळातल्या बऱ्याच कंपन्यांनी प्लँटबरोबर वसाहती बांधल्या, त्यात अविवाहितांसाठी इमारती होत्या. नंतर केमिकल कंपन्या एकामागून एक बंद झाल्या. चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, महाप्यात आणि ऐरोलीत डेटा सेंटर्स आली. माणसं कामाला येतच राहिली, ती आता कायमस्वरूपी नसून कंत्राटी असतात एवढाच फरक. पण एकाही नव्या इमारतीबरोबर दोनशे खाटांची राहण्याची सोय झालेली मी पाहिली नाही. वीज, पाणी, रस्ता, पार्किंग या सगळ्याची अट भूखंड देताना घालता. काम करणारा माणूस रात्री कुठे झोपणार, हे कुणी विचारत नाही.

योजना झाल्या नाहीत असं नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली, १६० चौरस फुटांची घरं. ठाण्यात त्या इमारती उभ्याही राहिल्या, पण पुढे त्यांतली बरीच घरं धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांना आणि प्रकल्पबाधितांना द्यावी लागली. त्यांचीही गरज खरी होती, पण एकट्या कामगाराच्या वाट्याला काही आलं नाही. २०२० साली टाळेबंदीत माणसं डोक्यावर बोचकी घेऊन नाशिक महामार्गाने चालत गेली, ते आपण ठाण्यात डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, सरकारी खर्चाने बांधलेली रिकामी घरं भाड्याने देता येतील अशी तरतूद त्यात होती. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीची भाड्याची घरं आणि नोकरदार महिलांसाठी वसतिगृहं उद्योगांच्या सहभागातून उभारण्याची घोषणा झाली. घोषणा दिल्लीत झाली. तुर्भ्याच्या पोराला खाट तुर्भ्यातच लागणार आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सोसायट्यांकडे:

१. अविवाहितांना सरसकट बंदी करणारे ठराव मागे घ्या आणि गेटवरचे कागद काढा.

२. भाडेकरूंसाठी एकच नियमावली करा, ती कुटुंबाला आणि एकट्याला सारखीच लागू असेल. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना कंपनीच्या ओळखपत्रावर कुठल्याही वेळी प्रवेश मिळाला पाहिजे.

३. सज्ञान भाडेकरूकडून आईवडिलांचं पत्र मागणं, जात-धर्म-आहार विचारणं बंद करा. बेकायदा रकमा घेतल्या असतील तर परत करा.

सिडको, एमआयडीसी आणि महापालिकेकडे:

४. दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात रेल्वे स्थानकांच्या जवळ कामगारांसाठी भाड्याची वसतिगृहं बांधा. त्यांतली निम्मी तरी महिलांसाठी असावीत. बंद कंपन्यांच्या वसाहतींचे भूखंड दुसऱ्या वापरासाठी देताना त्यातला ठरावीक हिस्सा यासाठी राखून ठेवा.

५. नवीन भूखंड देताना किंवा मोठ्या विस्ताराला परवानगी देताना, बाहेरगावच्या कामगारांच्या राहण्याची सोय काय, हे कंपनीकडून लेखी घ्या. कंत्राटी कामगारही त्यात मोजा. आज बहुसंख्य तेच आहेत.

६. सिडकोची जी घरं सोडतीनंतरही विकली जात नाहीत, ती कुलूप लावून ठेवण्यापेक्षा भाडेतत्त्वावर द्या. रिकामी सरकारी घरं भाड्याने देण्याची तरतूद केंद्राच्या २०२०च्या योजनेत होती.

७. गावठाणातल्या घरमालकांना दोषी धरू नका. पाणी, मलनिस्सारण, आगीपासून संरक्षण यांसाठी त्यांना मदत करा, म्हणजे तिथे राहणारी पोरं निदान सुखरूप झोपतील. आणि हे करताना त्या इमारती नियमित करण्याचा प्रश्न आणखी वीस वर्षं लांबवू नका.

वसतिगृह बांधलंत तर एक सांगणं आहे. खाली मेस ठेवा आणि ती राहणाऱ्यांच्या हाती द्या. प्रत्येक मजल्यावर बसायला एक हॉल ठेवा. नुसत्या खाटा रांगेने लावल्या तर तिथे माणसं झोपतील, पण एकमेकांची होणार नाहीत. आमच्या इमारतीत जे घडलं ते त्या हॉलमुळे आणि त्या मेसच्या वहीमुळे घडलं, असं माझं ठाम मत आहे. एकटेपणाने आज पोरं किती पिचतात हे तुम्हीही घरात पाहत असाल.

आमच्या सोसायटीतला ठराव फेरविचारासाठी घ्यावा म्हणून मी विशेष सर्वसाधारण सभेच्या मागणीचा अर्ज तयार केला आहे. एक पंचमांश सभासदांच्या सह्या झाल्या की कार्यकारिणीला सभा बोलवावीच लागते. पहिली सही माझी आहे, दुसरी त्या विधवा सभासदांची. रविवारपासून मी मजल्यामजल्यावर जाऊन बाकीच्या सह्या घेणार आहे. ज्यांना आपल्या सोसायटीत असाच अर्ज द्यायचा असेल त्यांनी हा मजकूर बिनदिक्कत वापरावा, संस्थेचं नाव तेवढं बदलावं. आणि सिडको, एमआयडीसी, महापालिका यांच्याकडून वरच्या चौथ्या ते सातव्या मागणीवर लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर आणि सोसायटीचा सभासद,
कोपरखैरणे, नवी मुंबई